येलोनाइफच्या फ्रेम लेकभोवतीच्या पायवाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलगरी, एडमंटन, टोरोंटोकडून नाहीतर सरळ पुण्या-मुंबईहून अरोरा, म्हणजे उत्तरेकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश, बघायला येलोनाइफला येणारे मराठी लोक आता बरेच भेटतात. बहुतेकांचा प्रोग्रॅम एकच असतो, रात्री अरोराची टूर, पहाटे हॉटेलवर येऊन झोप, दुपारी उठून जेवण, रात्री परत टूर, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी विमान. गाव बघायचं राहूनच जातं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण गावाच्या अगदी मधोमध फ्रेम लेक नावाचं तळं आहे आणि त्याला एक फेरी मारली की हे गाव इथे का वसलं, कशावर जगलं, त्याची किंमत कोणी मोजली हे सगळं पायाखालून जातं. मला येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत.

येलोनाइफ नक्की कुठे आहे?

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाची राजधानी, १९६७ पासून. अक्षांश साधारण ६२.५ उत्तर, म्हणजे आर्क्टिक सर्कलच्या थोडं खालीच. ग्रेट स्लेव्ह लेक नावाच्या अवाढव्य सरोवराच्या उत्तर काठावर वसलंय, ते उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात खोल सरोवर, ६१४ मीटर. गावात साधारण २० हजार लोक. फ्रेम लेक म्हणजे ते मोठं सरोवर नव्हे हं, दोन्हींत लोकांचा नेहमी गोंधळ होतो. फ्रेम लेक छोटं आहे आणि त्याच्या एका काठाला डाउनटाउन चिकटलेलं आहे.

ट्रेल किती लांब आहे आणि वेळ किती लागतो?

पूर्ण फेरी साधारण ७ किलोमीटरची. सवयीने चालणाऱ्याला दोन तास, फोटो काढत, बसत, म्युझियममध्ये डोकावत गेलात तर अर्धा दिवस काढा. चढ मोठे कुठेच नाहीत पण मागच्या बाजूला सतत छोटे चढ-उतार आहेत, कातळावरून वर, परत खाली, परत वर, त्यामुळे सिंहगड चढणाऱ्याला दम लागला नाही तरी पोटऱ्यांना कळतं.

सुरुवात कुठून करायची?

कुठूनही चालेल, फेरी आहे शेवटी. पण पहिल्यांदा येणाऱ्याला मी सिटी हॉलसमोरच्या सोंबा के पार्कपासून सुरू करा म्हणते. तिथून तळं उजवीकडे... नाही, दिशेने सांगण्यापेक्षा खुणेने सांगते. पार्कातून म्युझियमकडे जा, म्युझियमनंतर विधानसभेची इमारत लागते, तिथपर्यंत रस्ता चांगला आहे. विधानसभेच्या पुढे खरी वाट सुरू होते, कातळ, स्प्रूसची बुटकी झाडं, पाणथळ जागी लाकडी फळ्या. ती तळ्याची मागची बाजू. मग ओल्ड एअरपोर्ट रोडच्या बाजूला बाहेर पडता, तिथे दुकानं आणि गाड्यांचा आवाज येतो, आणि तिथून हॉस्पिटलच्या कडेने डांबरी रस्त्यावरून परत सिटी हॉल. कातळाचा भाग आधी केला की पाय ताजे असतात आणि शेवट सपाट रस्त्यावर होतो, म्हणून ही दिशा. रस्ता चुकायची भीती वाटली तर तळं एकाच हाताला ठेवून चालत राहा.

आई-बाबांना घेऊन जाता येईल का? गुडघ्यांचा त्रास आहे.

हो, पण पूर्ण फेरीला नाही. सुपर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना घेऊन येणारे बरेच जण हे विचारतात, तर स्पष्टच सांगते. डांबरी भाग त्यांना सहज जमतो, व्हीलचेअर आणि बाबागाडी पण जाते. सिटी हॉल ते म्युझियम आणि परत, किंवा सिटी हॉलकडून हॉस्पिटलच्या दिशेने जमेल तितकं, मध्ये बाक आहेत, तळं पूर्ण वेळ दिसतं. विधानसभेच्या मागचा कातळाचा भाग गुडघेदुखी असलेल्यांनी करू नये, तिथे मध्येच बसलं तर ना गाडी येते ना पुढे जाणं सोपं असतं ना मागे फिरणं. पाऊस पडून गेल्यावर कातळावरचं शेवाळं घसरतं, तेव्हा तरुणांनीही जपून.

वाटेत बघण्यासारखं काय आहे?

प्रिन्स ऑफ वेल्स नॉर्दर्न हेरिटेज सेंटर हे म्युझियम, १९७९ मध्ये सुरू झालं, प्रवेश फुकट. तिथे मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या कातड्याची अख्खी बोट आहे. डोंगराकडचे डेने लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, हिवाळाभर शिकार करून वसंतात बर्फ वितळलं की अशी बोट बांधायचे, त्यात बायका-मुलं, कुत्रे, सुकं मांस सगळं घालून नदीने खाली यायचे आणि खाली पोचल्यावर बोट मोडून कातडी वापरून टाकायचे. ती बोट समोर बघितली की लाकूड आणि कातडं एवढ्यावर माणूस काय करू शकतो ते समजतं. जुनं छोटं विमान पण टांगलेलं आहे, या प्रदेशात रस्त्यांच्या आधी विमानं पोचली म्हणून त्याला मान. वेळा सीझनप्रमाणे बदलतात, निघायच्या आधी ऑनलाइन बघून घ्या.

विधानसभा त्याहून इंटरेस्टिंग आहे असं माझं मत. १९९३ ची इमारत, झाडांच्या उंचीच्या वर फारशी जात नाही, कातळ आणि पाणथळ जागा न मोडता मध्ये बसवलीय, तळ्याच्या पलीकडून बघितली तर आधी दिसतच नाही. आत सभागृह गोल आहे कारण इथे पक्षच नाहीत. १९ आमदार, सगळे अपक्ष म्हणून निवडून येतात, मग आपसात मतदान करून प्रीमियर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) आणि मंत्री ठरवतात, याला कन्सेन्सस गव्हर्नमेंट म्हणतात. इथे ११ अधिकृत भाषा आहेत, इंग्रजी आणि फ्रेंच सोडून बाकी नऊ इथल्या मूळ रहिवाशांच्या. फुकट टूर असते, मुलं मोठी असतील तर आवर्जून घेऊन जा, महाराष्ट्रातल्या पक्षांच्या बातम्या ऐकत वाढलेल्या माणसाला पक्षाशिवाय सरकार चालतं हे प्रत्यक्ष बघायला मिळतं.

तळ्यात पोहता येतं का? पाणी तर स्वच्छ दिसतं.

नाही. पोहू नका, मासे धरू नका, पाणी पिऊ नका. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून उत्तर पण मोठं देतेय, प्लीज पूर्ण वाचा.

येलोनाइफ सोन्यावर उभं राहिलं. कॉन माइन १९३८ मध्ये सुरू झाली, जायंट माइन १९४८ मध्ये. जायंटमधलं सोनं आर्सेनोपायराइट नावाच्या खनिजात अडकलेलं होतं, नुसतं दळून निघायचं नाही, म्हणून खनिज भाजायचे. भाजलं की आर्सेनिक ट्रायऑक्साइडची वाफ व्हायची, थंड झाली की पांढरी विषारी पावडर. १९४९ ते १९९९ हे भाजणं चाललं आणि सुरुवातीच्या वर्षांत ती पावडर धुराड्यातून जवळपास तशीच बाहेर जायची आणि बर्फावर, कातळावर, तळ्यांत पडायची. आर्सेनिकला ना वास ना चव. ग्रेट स्लेव्ह लेकच्या खाडीपलीकडच्या डेने कुटुंबांना बर्फ वितळवून पाणी प्यायची पिढ्यानपिढ्यांची सवय, आणि १९५१ मध्ये त्यांच्यातलं एक लहान मूल असं पाणी पिऊन दगावलं. त्यानंतर धूर गाळायची यंत्रं हळूहळू बसली, मग जी पावडर पकडली जायची ती खाणीतल्याच जमिनीखालच्या पोकळ्यांत साठवली. खाण २००४ मध्ये बंद झाली, पावडर तिथेच आहे, २ लाख ३७ हजार टन. आता त्या पोकळ्यांभोवतीचा खडक थर्मोसायफन नावाच्या नळ्यांनी गोठवून ठेवायचं काम चालू आहे, म्हणजे पाणी आत शिरू नये आणि विष बाहेर येऊ नये, आणि याहून चांगला उपाय सापडेपर्यंत हे गोठवणं चालू ठेवावं लागणार.

फ्रेम लेक त्या धुराच्या टप्प्यात होतं. गाळात आर्सेनिक बसलंय, पाण्यातही आहे, म्हणून टेरिटरीच्या सार्वजनिक आरोग्य खात्याची सूचना आहे की फ्रेम लेक, नायव्हन लेक, जॅकफिश लेक, रॅट लेक, कॅम लेक अशा गावाजवळच्या तळ्यांत पोहू नये, मासे खाऊ नयेत, काठच्या बेरी आणि मश्रूम तोडू नयेत. शिवाय फ्रेम लेकच्या तळाशी सेंद्रिय गाळ इतका आहे की हिवाळ्यात बर्फाखालचा ऑक्सिजन संपतो आणि मासे टिकत नाहीत. एके काळी याच काठावर पोहायची चौपाटी होती आणि मासेही होते. इथली म्हातारी माणसं ते आठवून बोलतात तेव्हा ऐकवत नाही.

यलोनाइव्हज डेने लोक अनेक वर्षं केंद्र सरकारकडे माफी आणि भरपाई मागतायत. सोनं सगळ्यांनी वाटून घेतलं, विष त्यांच्या वाट्याला आलं. तळ्याकाठी उभं राहून हे माहीत असणं मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

मग नुसतं चालायला तरी सेफ आहे का? मुलांनी माती हातात घेतली तर?

चालायला काही प्रॉब्लेम नाही, रोज शेकडो लोक चालतात, पळतात, मुलं शाळेत जातात. धोका पोटात जाण्यात आहे. म्हणून मुलांनी चिखल-माती तोंडात घालू नये, खाण्याआधी हात धुवावेत, बेरी कितीही लालबुंद दिसल्या तरी तोडू नयेत. कुत्र्याला तळ्याचं पाणी पिऊ देऊ नका. बस इतकंच.

नळाचं पाणी?

बिनधास्त प्या. गावाचं पाणी येलोनाइफ नदीतून येतं, आणि त्यासाठी खाडीच्या तळातून सुमारे ८ किलोमीटरची पाइपलाइन १९६० च्या दशकाच्या अखेरीला टाकली, आर्सेनिकच्याच भीतीने.

ते गुळगुळीत कातळ कसले? मुलाला दगडांचं वेड आहे.

मग मुलाला नक्की आणा, आणि घाई करू नका. येलोनाइफ ज्या खडकावर बसलंय तो कॅनडाच्या अतिप्राचीन कवचाचा भाग आहे, गावातले ज्वालामुखीचे खडक आणि ग्रॅनाइट साधारण २६० ते २७० कोटी वर्षांपूर्वीचे. तुलनेसाठी सांगते, आपला सह्याद्रीचा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा. आणि जगातल्या सगळ्यात जुन्या खडकांपैकी एक, अकास्टा नाइस, सुमारे ४०३ कोटी वर्षांचा, तो येलोनाइफच्या उत्तरेला साधारण ३०० किलोमीटरवर आहे. तिथे विमानाशिवाय जाता येत नाही.

गावात काही ठिकाणी उशांसारखे गोल गोल फुगवटे असलेला लाव्हा दिसतो, तो समुद्राच्या पाण्याखाली बाहेर पडून झटकन थिजलेला. आणि फ्रेम लेकच्या मागच्या बाजूला कातळाचे पाठीसारखे उंचवटे जे गुळगुळीत दिसतात ते हिमनदीने घासलेले. जवळ वाकून बघा, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जास्त छान दिसतं, एकाच दिशेने गेलेल्या समांतर चरा आहेत, बर्फात अडकलेल्या दगडांनी ओढलेल्या. बर्फ मागे हटल्यावर इथे कितीतरी काळ मोठं हिमसरोवर होतं, ग्रेट स्लेव्ह लेक हा त्याचाच उरलेला तुकडा. माती बसायला वेळच मिळालेला नाही म्हणून झाडं बुटकी आणि विरळ, फटीत रुजलेली. दगडावर जे काळं, हिरवट, नारिंगी दिसतं ते लायकेन, म्हणजे दगडफूल, ते फार सावकाश वाढतं, नखाने खरवडू नका आणि मुलांना दगड उलटे करून टाकू देऊ नका.

कुठल्या महिन्यात यावं?

फक्त चालण्यासाठी म्हणाल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा, माझ्या मते याला तोड नाही. बर्चची पानं पिवळीजर्द होतात, जमिनीवरचं झुडूप लाल होतं, डास जवळजवळ संपलेले असतात, रात्र परत काळोखी झालेली असते म्हणून अरोरा दिसतो, आणि तळं अजून गोठलेलं नसतं म्हणून तो पाण्यातही दिसतो. दिवसा हलकं जॅकेट पुरतं.

जून-जुलैमध्ये रात्रच होत नाही म्हणा ना. २१ जूनच्या आसपास सूर्य साधारण २० तास वर असतो आणि उरलेले चार तासही संधिप्रकाश, रात्री अकराला ट्रेलवर लोक पळत असतात. अरोरा मात्र अजिबात नाही, आकाश काळं होतच नाही, हे बुकिंग करायच्या आधी लक्षात घ्या, जुलैची तिकिटं काढून "अरोरा दिसेल ना" विचारणारे दरवर्षी असतात. २१ जून हा मूळ रहिवाशांचा दिवस, या टेरिटरीत सार्वजनिक सुट्टी असते, सोंबा के पार्कात ढोल, नाच, खाणं, बाहेरच्यांचंही स्वागत असतं. त्या दिवशी इथे असाल तर चालणं नंतर करा, आधी तिथे जा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला मी कोणाला सुचवत नाही, ढगाळ असतं, तळं धड गोठलेलं नाही धड मोकळं नाही. मार्च छान. थंडी आहे पण ऊन भरपूर, बर्फ पक्का, आणि मोठ्या सरोवराच्या खाडीवर बर्फाचा किल्ला बांधून महिनाभर उत्सव चालतो.

डास खरंच इतके असतात का?

हो. जूनच्या मध्यापासून जुलैभर मागच्या बाजूच्या पाणथळ भागात उभं राहणं कठीण जातं, ऑगस्टकडे मग बारीक काळ्या माश्या येतात, त्या कानामागे आणि केसांत शिरून चावतात. पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे, डीट असलेला स्प्रे, आणि डोक्यावरून घ्यायची जाळी इथल्या दुकानात स्वस्त मिळते, ती घ्या. वारा असेल त्या दिवशी काठाच्या उघड्या कातळावर त्रास कमी होतो.

हिवाळ्यात ट्रेल चालू असतो का? कपडे काय?

चालू असतो. डांबरी भाग बऱ्यापैकी साफ केलेला असतो, मागचा कातळाचा भाग नाही, तिथे दबलेल्या बर्फावरून पाऊलवाट पडते आणि उतारावर ती काचेसारखी होते, बुटाखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे लागतातच.

जानेवारीत उणे २० ते उणे ३० हे नॉर्मल, उणे ४० सुद्धा होतं. वारा धरून जे तापमान सांगतात ते उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत हिमदाहाने जाऊ शकते, उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. म्हणून नाक, गाल, कान झाकलेले हवेत. आत कॉटन घालू नका, घाम शोषून ओलं राहतं आणि मग तेच गारठवतं, लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर जाड पार्का. बोटांच्या ग्लोव्ह्जपेक्षा मिटन्स बरे. बुटात दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट केले तर पाय जास्त गार पडतात, बोटं आत हलली पाहिजेत. जाड जॅकेट, बूट, पँट सगळं इथे भाड्याने मिळतं, चार दिवसांसाठी विकत घ्यायची गरज नाही. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ, नाहीतर बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते. पापण्यांवर दव गोठतं त्याला घाबरू नका, हात लावून ओढू नका, आत गेल्यावर आपोआप वितळतं.

२१ डिसेंबरला सूर्य सकाळी दहाच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी तीनच्या सुमाराला मावळतो, जेमतेम पाच तास. तेव्हा चालायला निघायची वेळ अकरा-साडेअकरा. तेवढ्या वेळात सूर्य वर चढतच नाही, पूर्ण दिवस संध्याकाळचा उजेड असतो आणि बर्फ गुलाबी दिसतो. अरोरा टूरवाल्यांनी नेमका हाच वेळ झोपेत घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

गोठलेल्या तळ्यावरून सरळ चालत गेलं तर चालतं का?

भर हिवाळ्यात लोक जातात, स्की करतात, शॉर्टकट म्हणून वापरतात. पण बाहेरून आलेल्या माणसाने आपल्या मनाने पहिलं पाऊल टाकू नये. कॅनेडियन रेड क्रॉसचा साधा नियम म्हणजे एकट्याने चालायला किमान १५ सेंटीमीटर जाड बर्फ हवं, आणि ते वरून बघून कळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मेमध्ये अजिबात नाही. बाकीच्या काळात आधीची ठळक वाट पडलेली असेल तर तीच धरा, जिथे पाणी तळ्यात येतं-जातं त्या जागांपासून लांब, आणि हॉटेलवाल्यांना आधी विचारा, ते खरं सांगतात.

ट्रेलवरून अरोरा दिसतो का, की टूरच घ्यावी लागते?

दिसतो. येलोनाइफ अरोराच्या पट्ट्याच्या खालीच येतं, त्यामुळे जोरदार असेल तर डाउनटाउनच्या दिव्यांतही दिसतो. तळ्याकाठी शहराकडे पाठ करून उभं राहिलं की बरंच चांगलं. फिकट अरोरा मात्र काळोखातच दिसतो, म्हणून एक रात्र टूर आणि एक रात्र स्वतःची, असं मी सुचवते. रात्री फक्त डांबरी भागावर जा, हेडलॅम्प घ्या, कातळाची बाजू रात्री नको. सीझन मध्य ऑगस्ट ते मध्य एप्रिल.

प्राणी, अस्वलं वगैरे?

रोज दिसणारा म्हणजे रेव्हन, आपल्या कावळ्यापेक्षा कितीतरी मोठा, उणे ४० मध्येही आरामात उडतो आणि इतके वेगवेगळे आवाज काढतो की पहिल्यांदा ऐकणारा माणूस वर बघत थांबतो. उघडी पिशवी ठेवू नका, फाडतो. कोल्हे दिसतात, उन्हाळ्यात पाण्यात मस्करॅट (घुशीसारखा पाण्यातला प्राणी), बदकं, ग्रीब पक्षी. हिवाळ्यात पांढरे टार्मिगन पक्षी झुडपात बसलेले असतात, पायाशी येईपर्यंत कळत नाहीत. काळं अस्वल फ्रेम लेकला क्वचित येतं, तरी कानात दोन्ही हेडफोन घालून मागच्या बाजूला जाऊ नका. गावाबाहेरच्या ट्रेलवर बेअर स्प्रे ठेवाच. कुठल्याच प्राण्याला खायला घालू नका, कोल्ह्याला तर मुळीच नाही, माणसाला सरावलेला कोल्हा शेवटी मारावा लागतो.

उन्हाळ्यात जंगलाच्या आगी लागतात म्हणे, यायचं की नाही?

या, पण रिफंड मिळणारं बुकिंग करा. १६ ऑगस्ट २०२३ ला संपूर्ण येलोनाइफ रिकामं करायचा आदेश निघाला, दक्षिणेकडे जायला एकच हायवे, जवळजवळ २० हजार लोक गाड्यांनी आणि विमानांनी बाहेर गेले आणि ६ सप्टेंबरपासून परत यायला लागले. आग गावात शिरली नाही. त्या वेळी गावाभोवती आग अडवायला झाडं तोडून मोकळे पट्टे केले, ते आजही दिसतात. आग लांब असली तरी धूर येतो, दमा असलेल्यांनी हवेचा इंडेक्स बघूनच बाहेर पडावं, आणि धुरकट दिवशी चालण्याऐवजी म्युझियम करावं.

फ्रेम लेक झालं, अजून एक-दोन ट्रेल सुचवा.

नायव्हन लेक सगळ्यात जवळ, डाउनटाउनच्या टोकाला, छोटी फेरी, तासाच्या आत होते. हे तळं १९८१ पर्यंत गावाचं सांडपाणी सोडायची जागा होती आणि आज पक्षी बघायची सगळ्यात चांगली जागा आहे, मे-जूनमध्ये दुर्बीण घेऊन जा. रेंज लेकचा रस्ता डांबरी, वस्तीतला, बाबागाडीवाल्यांसाठी बरा.

गाडी असेल तर फ्रेड हेन पार्कमधला प्रॉस्पेक्टर्स ट्रेल, साधारण ४ किलोमीटर, खडकांची माहिती देणाऱ्या पाट्या आहेत, वर जे दगडांचं लिहिलं ते आवडलं असेल तर हा सोडू नका. शेजारच्या लाँग लेकला वाळूचा किनारा आहे, पोहायची हौस तिथे भागवा. आणि इंग्रॅम ट्रेल नावाच्या रस्त्याने साधारण पाऊण तास गाडीने गेलं की कॅमेरॉन फॉल्स, गाडीपासून सव्वा किलोमीटर चाल, हिवाळ्यात गोठलेला धबधबा बघायला लोक बर्फातून जातात.

टिन कॅन हिलला अधिकृत पाट्या नाहीत पण गावातले लोक कुत्रे घेऊन तिथेच असतात, वरून खाडी दिसते.

ही जमीन कोणाची? काही रीतभात पाळायची असते का?

हा चीफ ड्रायगीज टेरिटरी म्हणून ओळखला जाणारा यलोनाइव्हज डेने लोकांचा मुलूख. त्यांची दोन गावं, न्डिलो येलोनाइफलाच लागून आणि डेट्टा खाडीपलीकडे, हिवाळ्यात खाडीच्या बर्फावरून सुमारे साडेसहा किलोमीटरचा रस्ता होतो, एरवी २७ किलोमीटरचा वळसा. ती लोकांची घरं आहेत, टुरिस्ट स्पॉट नाही, घराच्या अंगणात शिरून, माणसांचे न विचारता फोटो काढू नका. ट्रेलवर कुठे झाडाला रिबिनी बांधलेल्या, दगडावर काही ठेवलेलं दिसलं तर हात लावू नका. समोरून येणारा "हाय" म्हणतो, तुम्हीही म्हणा.

गाडी नसेल तर?

फ्रेम लेकला गाडी लागतच नाही, डाउनटाउनच्या कुठल्याही हॉटेलवरून चालत जाता. सिटी बस आहे, ओल्ड एअरपोर्ट रोडवरून परत यायला उपयोगी पडते. बाहेरच्या ट्रेलला टॅक्सी किंवा भाड्याची गाडी.

टॉयलेट, खाणं?

ट्रेलवर टॉयलेट धरून चालू नका. म्युझियम आणि विधानसभा उघडी असतील तेव्हा तिथे सोय होते, बाकी हॉटेलवरूनच आटपून निघा. शाकाहारी जेवण गावात मिळतं पण पर्याय कमी आणि महाग, सगळा माल लांबून येतो. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थेपला-चटणी-पोळी असलं की काळजी नाही, फक्त कचरा परत आणा.

कुत्रा, सायकल?

दोन्ही चालतं. कुत्रा पट्ट्याला बांधून, मागची घाण उचलून. सायकल डांबरी भागावर, कातळावर उतरून ढकलावी लागते.

मी एकटी येणार आहे, एकटीने फेरी मारली तर चालेल का?

दिवसा चालेल, बऱ्याच बायका एकट्या पळायला येतात. संध्याकाळनंतर डाउनटाउनकडच्या भागात कधी कधी दारू प्यायलेले लोक बसलेले असतात, बहुतेक जण काही त्रास देत नाहीत पण अनोळखी ठिकाणी तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ शकतं, तेव्हा सोबत बघा. हॉटेलवर किंवा घरच्या ग्रुपवर "फ्रेम लेकला निघाले, इतक्या वाजता परत" एवढा मेसेज टाकून ठेवा, हिवाळ्यात तर हे सगळ्यांनीच करा. अडचण आली तर ९११ लावा, टेरिटरीत ही सेवा २०१९ पासून चालू आहे, आणि फोनवर सांगताना जवळची इमारत सांगा, "विधानसभेच्या मागे", "हॉस्पिटलच्या बाजूला", म्हणजे लवकर सापडता.